प्रेत कुठं ठेवायचं?

घरातल्या माणसांनी एकमेकांच्या जिवावर उठायचं, बेत फसायचा, प्रेत गळ्यात पडायचं आणि हे सगळं बघताना प्रेक्षकाला हसू आवरायचं नाही, हा सिनेमाचा प्रकार आपल्याकडं इंग्रजी चित्रपटांच्या वाटेनं आला, असा सर्वसाधारण समज आहे. कृष्णविनोदी गुन्हेपट असं भारदस्त नावही त्याला मिळालं आहे. पण या कुळाचा मूळपुरुष शोधायला लंडनला किंवा हॉलिवूडला जायची गरज नाही. इंदूरकडची गाडी पकडावी आणि उज्जैनला उतरावं.

रुळांच्या एका अंगाला माधव नगर. गावाच्या तोंडी त्याचं नाव फ्रीगंज. टॉवर चौक, कापडाची दुकानं, दवाखाने, पोलीस ठाणं असा हा नव्या शहराचा भाग. दुसऱ्या अंगाला जुनं शहर, महाकालाचं देऊळ आणि क्षिप्रेचे घाट. शिंद्यांच्या राजवटीपासून इथं मराठी घरं नांदत आली आहेत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. पुढं दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण आलेली माणसं इथंच रुजली. १९५८ पासून या शहरात कालिदास समारोह भरतो आणि संस्कृत नाटकं रंगमंचावर येतात. कालिदासाचा मान मोठाच आहे. पण गुन्हा आणि हसू यांची सोयरीक जुळवणारा नाटककार म्हणजे शूद्रक, आणि त्याचं दहा अंकी ‘मृच्छकटिक’ पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत याच नगरीत घडतं.

मराठी माणसाला हे नाटक परकं नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं संगीत नाटक केलं आणि चारुदत्त-वसंतसेना ही नावं घराघरात पोचली. पदांच्या गोडीत एक गोष्ट मात्र मागं पडली. हे प्रेमनाटक आहे तितकंच ते घरफोडी, गळा आवळणं, खोटी साक्ष आणि चुकीची फाशी यांचंही नाटक आहे.

जानव्याची मोजपट्टी

चारुदत्त हा दानधर्मात पैसा घालवून बसलेला ब्राह्मण व्यापारी. घरात पत्नी धूता, लहानगा रोहसेन आणि मैत्रेय नावाचा भित्रा, खादाड मित्र. गणिका वसंतसेना त्याच्यावर जीव लावते आणि आपले दागिने त्याच्या घरी ठेव म्हणून ठेवते. पुढं एका रात्री शर्विलक तिथली भिंत फोडतो.

शर्विलक हा शिकलेला चोर आहे. भिंतीला पाडायचं भोक कमळाच्या आकाराचं करावं, चंद्रकोरीसारखं की पूर्णकुंभासारखं, यावर तो शास्त्रीबुवांच्या गांभीर्यानं विचार करतो. मोजायची दोरी घरी विसरली आहे, म्हणून जानव्यानं माप घेतो. बोटाला साप चावतो, तेव्हा तेच जानवं बोटाला आवळून बांधतो. आत मैत्रेय झोपेत बरळतो आहे. त्याला स्वप्नात चोर दिसतो, आणि दागिने सुरक्षित राहावेत म्हणून तो ते आपल्या मित्राच्या हाती सोपवतो. तो मित्र म्हणजे समोर उभा असलेला शर्विलक. चोरी होते ती मालकाच्या माणसानं शपथ घालून दिलेल्या दागिन्यांची.

हे हसू कुठून येतं? चोरीत विनोद नाही. पवित्र धाग्याचा असा उपयोग करताना शर्विलकाला काहीच वावगं वाटत नाही, त्यात विनोद आहे. गुन्हा करणारा माणूस आपल्या नजरेत सज्जनच असतो. या प्रकाराच्या सिनेमाचं हे पहिलं सूत्र दीड-दोन हजार वर्षांत बदललेलं नाही.

चोरी उघडकीस आल्यावर चारुदत्ताच्या घरात जे होतं ते तर आजच्या कुठल्याही सोसायटीत घडेल असं आहे. घर फोडलं गेलं याचं दुःख मागं पडतं आणि लोकांना वाटेल की आम्हीच दागिने खाल्ले, ही धास्ती पुढं येते. धूता आपली माहेरची रत्नमाला काढून देते. मैत्रेय वसंतसेनेकडं जाऊन सांगतो की दागिने चारुदत्तानं जुगारात घालवले, त्याबदली ही माळ घ्या. चोरानं दागिने नेले हे सांगण्यापेक्षा जुगाराचं खोटं बोलणं बरं, असा हा हिशेब आहे. अब्रू राखण्यासाठी बोललेलं पहिलं खोटं इथं नाटकात शिरतं.

न्यायालयात मातीची गाडी

आता खलनायक. शकार हा पालक राजाचा मेव्हणा, राजानं ठेवलेल्या बाईचा भाऊ. बोलताना तो ‘स’चा ‘श’ करतो. रामायण आणि महाभारत त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. द्रौपदीला रामाच्या पदरी बांधतो आणि सुभद्रेला हनुमानाच्या. प्रेक्षक हसतो, आणि तोच शकार आठव्या अंकात पुष्पकरंडक बागेत वसंतसेनेचा गळा आवळतो. आधी तो हे काम आपल्या साथीदारांना सांगतो. त्याचा सोबती असलेला विट नकार देतो. गाडीवान नोकरही नकार देतो, कारण त्याला परलोकाची भीती आहे. शेवटी शकार स्वतःच गळा दाबतो, वसंतसेनेला मेलेली समजून वाळक्या पानांनी झाकतो आणि आळ चारुदत्तावर घालायला न्यायालयाकडं निघतो. हास्यास्पद माणूस आणि खुनी माणूस वेगळे असावेत, हा आपला समज शूद्रक मोडून टाकतो. हास्यास्पद माणसाच्या हाती सत्ता गेली की तो धोकादायक होतो, हे त्याला ठाऊक होतं.

नवव्या अंकातला खटला हा कृष्णविनोदाचा वस्तुपाठ आहे. तक्रार सांगताना शकाराच्या तोंडून भलतंच निघतं: बाई मारली गेली आहे, मी मारलेली नाही. कुणी विचारलंही नव्हतं. लेखनिक ते टिपून घेतो तेव्हा शकार पायानं ती अक्षरं पुसून टाकतो. न्यायाधीशाला सगळं कळतं. पण समोर राजाचा मेव्हणा आहे आणि नोकरी घालवण्याची धमकी त्यानं आधीच देऊन ठेवली आहे. चारुदत्ताला एका वाक्यात सुटता आलं असतं, पण वसंतसेना आपली कोण हे भर सभेत सांगायला तो लाजतो. पुन्हा अब्रूच आडवी येते.

आणि मग गाडी. चारुदत्ताच्या मुलाला शेजारच्या पोरासारखी सोन्याची गाडी हवी होती. मिळाली मातीची, म्हणून तो रडत होता. वसंतसेनेनं आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरले. तेच दागिने तिला परत करायला मैत्रेय काखेत घेऊन निघालेला असतो. वाटेत खटल्याची बातमी कळते, तो न्यायालयात धावत येतो, शकाराशी त्याची मारामारी होते आणि दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. मेलेल्या बाईचे दागिने आरोपीच्या मित्राकडं! लेकराचं रडं थांबवायला दिलेली माया खुनाचा पुरावा ठरते. राजा ब्राह्मणाला देहदंड देऊ नये हा नियमही धुडकावतो आणि तेच दागिने गळ्यात घालून चारुदत्ताला वधस्तंभाकडं नेण्याचा हुकूम सोडतो.

दहाव्या अंकात तर मारेकरीच विनोदी आहेत. आज वधाची पाळी कुणाची, यावर दोघा चांडाळांचं भांडण जुंपतं. एकाला मरताना बापानं सांगितलेलं आठवतं: घाई करू नकोस, कदाचित कुणी पैसे भरून सोडवेल, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटेल, राजाच बदलेल. चुकून उरलेल्या जिवाला सुटायला जागा ठेवणारा हा व्यावसायिक सल्ला. खरोखरच वसंतसेना जिवंत परतते, राजाही बदलतो आणि चारुदत्त शकाराला माफ करतो.

गिरीश कर्नाड यांनी १९८४ मध्ये ‘उत्सव’ या हिंदी चित्रपटात ही उज्जयिनी पडद्यावर आणली. निर्माता शशी कपूर, आणि राजाच्या मेव्हण्याच्या भूमिकेतही तेच. रेखाची वसंतसेना, शेखर सुमनचा चारुदत्त, अमजद खानचा वात्स्यायन. गीतं वसंत देव यांची, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. शृंगारासाठी गाजलेल्या या चित्रपटातली गुन्ह्याची बाजू क्वचितच कुणाच्या लक्षात राहते. गुन्ह्याचा विनोद मराठी पडद्यावर खऱ्या अर्थानं उतरायला अजून वेळ होता.

हसू येण्याचं यंत्र

कृष्णविनोदी गुन्हेपटाचं यंत्र तीन चाकांवर चालतं.

पहिलं चाक म्हणजे माहितीतली तफावत. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्र्युफो यांना दिलेल्या मुलाखतींत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध केलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत असेल आणि टेबलाभोवतीची माणसं गप्पा मारत असतील, तर तो कितीतरी वेळ जीव मुठीत धरून बसतो. कृष्णविनोदात बॉम्बच्या जागी प्रेत ठेवतात. हिचकॉकच्याच ‘रोप’ (१९४८) मध्ये दोन तरुण मित्राचा गळा आवळून त्याला पेटीत ठेवतात, त्या पेटीवर जेवणाच्या बशा मांडतात आणि मृताच्या वडिलांनाच पाहुणे म्हणून बोलावतात. वडील खायला घेतात तेव्हा पेटीतलं सत्य फक्त आपल्याला आणि खुन्यांना ठाऊक असतं. भीती आणि हसू तिथं एकाच वेळी उगवतात.

दुसरं चाक म्हणजे रोजचं काम. माणूस मारायला पडद्यावर एक क्षण पुरतो, पण नंतर फरशी पुसायची, कपडे धुवायचे, गाडीची किल्ली शोधायची, दारावरच्या माणसाला कारण सांगायचं. हिचकॉकच्या ‘द ट्रबल विथ हॅरी’ (१९५५) मध्ये एका खेड्यातले सज्जन लोक एकाच प्रेताला पुन्हा पुन्हा पुरतात आणि उकरतात, आणि त्यांची सगळी चिंता असते ती सोयीची. खून भव्य असतो, त्याची आवराआवर क्षुल्लक असते. हसू त्या क्षुल्लकपणात असतं.

तिसरं चाक म्हणजे घर. अनोळखी माणसाचा खून हा गुन्हा असतो, घरातल्या माणसाचा खून हा वाटणीचा प्रश्न होतो. ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) मध्ये आईला वाळीत टाकणाऱ्या उमराव घराण्यातले वारस एक तरुण एकेक करून संपवतो. त्या घराण्यातले आठ नातेवाईक एकट्या ॲलेक गिनेसनंच रंगवले आहेत, म्हणजे सगळे एकाच तोंडवळ्याचे. नातेवाईक असा एकगठ्ठा भासणं ही कुटुंबाविषयीची सूक्ष्म कुचाळकीच. अमेरिकेत गुन्हेगार सुटलेला दाखवायला तेव्हा बंदी होती, म्हणून तिथल्या आवृत्तीत खुन्याची आठवणींची वही अधिकाऱ्यांच्या हाती लागते असा छोटा तुकडा जोडावा लागला. फ्रँक काप्राच्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ (१९४४) मध्ये दोन प्रेमळ आत्या एकाकी म्हाताऱ्यांना विषारी वाइन पाजतात, कारण त्यांना त्या म्हाताऱ्यांची कीव येते. कोएन बंधूंच्या ‘फार्गो’ (१९९६) मध्ये कर्जबाजारी नवरा स्वतःच्या बायकोचं अपहरण घडवून आणतो, सासऱ्याकडून पैसे उकळायला. सत्यकथा असल्याचं त्या चित्रपटाच्या सुरुवातीला लिहिलेलं आहे, आणि तेही खोटं आहे.

हिंदीत कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) नं प्रेत थेट नाटकाच्या रंगमंचावर नेलं. आयुक्त डिमेलोचा मुडदा महाभारतात द्रौपदी होतो, मध्येच अनारकलीही शिरते, आणि भ्रष्ट लोक आपापल्या हक्काच्या प्रेतासाठी रंगमंचावर चढतात. शकाराच्या तोंडची पुराणं जशी गोंधळलेली होती, तशीच ही सरमिसळ. फरक एवढाच की शेवटी इथले दोन निर्दोष छायाचित्रकार तुरुंगाच्या कपड्यांत बाहेर पडतात. मधल्या काळात राजाही बदलला नाही आणि वसंतसेनाही परतली नाही.

मराठी घराची तयारी

मराठी सिनेमाला हा प्रकार उशिरा सापडला, पण रंगभूमीनं जमीन आधीच तयार करून ठेवली होती. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त बाप, भाऊ, बहीण पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये ते रंगमंचावर आणलं तेव्हा नाट्यपरिनिरीक्षण मंडळाला माणिकच्या साडीवरचा रक्ताचा डाग सहन झाला नाही. डाग निळा करून प्रयोग झाले. घरातलं क्रौर्य चालेल, फक्त त्याचा रंग बदला, ही तडजोड कुठल्याही विनोदी संवादापेक्षा काळी आहे.

सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ (१९७४) दुसऱ्या टोकाचं. भाऊराव मरतात, पण गप्प राहत नाहीत. आपलं दहन जुन्याच स्मशानात व्हावं, असा मुडद्याचा हट्ट असतो आणि चाळ, मुलगा नाना, बायको या सगळ्यांचा संसार त्या हट्टाभोवती फिरत राहतो. आळेकरांनी त्याला कीर्तनाचा बाज दिला. इथं खून नाही, गुन्हा नाही, पण प्रेत कुठं ठेवायचं हा प्रश्न आहे, आणि मृत्यूच्या घरी मराठी माणूस कोणत्या सुरात बोलतो याची नेमकी नोंद आहे. पुढच्या पिढीच्या मराठी कृष्णविनोदाला हा सूर आयता मिळाला.

पुण्यातला पियानो

मराठी शहरात घडलेला या प्रकारातला सर्वात गाजलेला चित्रपट हिंदी आहे. श्रीराम राघवन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांचा ‘अंधाधुन’ ५ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला आणि तो पुण्यातच घडतो. मूळ कल्पना ओलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० च्या फ्रेंच लघुपटातली. आंधळेपणाचं सोंग करणारा एक पियानोवादक चुकून खुनाच्या जागी पोचतो, एवढंच बीज. राघवन आणि त्यांच्या सहलेखकांनी त्याचं पूर्ण झाड केलं. ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, आयुष्मान खुरानाला विकी कौशलबरोबर विभागून अभिनेता आणि रूपांतरित पटकथा असे तीन सन्मान मिळाले.

चित्रपटाच्या काळजात एक लांबलचक प्रसंग आहे. पियानोवादक आकाश लग्नाच्या वाढदिवसाला पियानो वाजवायला जुन्या नटाच्या फ्लॅटमध्ये जातो. नट जमिनीवर मरून पडलेला असतो. तब्बूनं साकारलेली पत्नी सिमी आणि तिचा प्रियकर घरात असतात. आकाश आंधळा आहे असं त्यांना वाटतं, म्हणून ते त्याच्या समोरच प्रेत हलवतात, रक्त पुसतात. त्याला सगळं दिसतं, पण हात थांबला तर संपलं. म्हणून तो वाजवत राहतो. हिचकॉकच्या पेटीवरच्या बशांपेक्षा इथली व्यवस्था अधिक अवघड आहे, कारण रहस्य ठाऊक असलेला माणूस रहस्य करणाऱ्यांच्या समोर बसून त्यांचंच मनोरंजन करतो.

मग तो तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जातो, आणि समोर बसलेला अधिकारी खुनातला प्रियकरच निघतो. उज्जैनच्या न्यायालयात शकाराचा धाक असल्यामुळं जे झालं, ते पुण्यात दुसऱ्या वाटेनं होतं. आणि या अधिकाऱ्याला कायद्याचं भय कमी, स्वतःच्या बायकोचं भय जास्त आहे. अश्विनी काळसेकर तिची भूमिका करतात, आणि खुन्याला घरी जाताना सुटणारा घाम हा या चित्रपटातला सर्वात घरगुती विनोद आहे.

चौघांचा खेळ

मराठीत हा प्रकार पूर्ण ताकदीनं उतरला तो परेश मोकाशींच्या ‘वाळवी’त. मोकाशींचे आधीचे चित्रपट प्रेमळ होते: दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट सांगणारी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), पंढरपूरच्या पोरांची ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४), लग्नाआधी एकत्र राहून बघू पाहणाऱ्या जोडप्याची ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७). १३ जानेवारी २०२३ ला ‘वाळवी’ आला. लेखन मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांचं. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

गोष्टीत चार माणसं. अनिकेत, त्याची नैराश्यानं ग्रासलेली पत्नी अवनी, त्याची प्रेयसी आणि दातांची डॉक्टर देविका, आणि मानसोपचारतज्ज्ञ अंशुमन. अनिकेत आणि देविका अवनीचा खून करायचं ठरवतात, आणि तो आत्महत्या वाटावा यासाठी बेत आखतात. बेत काटेकोर आहे. तालीम झाली आहे, वेळ ठरली आहे, मिनिटाचा हिशेब मांडला आहे. पुढं काय होतं ते न सांगणंच योग्य. पण एवढं नक्की की बेत जितका स्वच्छ, तितका तो मोडताना घाण जास्त होते.

‘वाळवी’चा अर्धा विनोद पात्रनिवडीत आहे. स्वप्नील जोशी म्हणजे ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आणि ‘दुनियादारी’चा गोड नायक. त्याला बायकोच्या खुनाचा बेत करताना पाहणं हा प्रेक्षकाच्या आठवणींवर घातलेला घाला आहे. अनिता दातेला तर घराघरात ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतली राधिका म्हणून ओळखतात, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीशी वर्षानुवर्षं लढून टिकलेली पत्नी. ती पडद्यावर येते तेव्हा प्रेक्षकाच्या मनात मालिकेचे शेकडो भाग आधीच हजर असतात. ‘बालगंधर्व’ आणि ‘लोकमान्य’ साकारलेल्या सुबोध भावेंचा धीरगंभीर चेहरा मानसोपचारतज्ज्ञाला मिळाला. शूद्रकानं पुराणकथांच्या ओळखीवर विनोद बेतला, मोकाशींनी मराठी टीव्हीच्या.

आणखी एक बारकावा. खुनाच्या बेतात एक दातांची डॉक्टर आणि गोष्टीत एक मनाचा डॉक्टर आहे. दोन्ही पेशे शांत, निर्जंतुक, विश्वासाचे. खालच्या वस्तीतला गुंड या घरात फिरकतही नाही. सगळा गुन्हा शिकलेल्या, व्यवस्थित बोलणाऱ्या माणसांचा आहे. शर्विलकाच्या जानव्याची ही आजची आवृत्ती म्हणता येईल: सभ्यतेची खूण गुन्ह्याचं हत्यार झालेली.

हसू कुणावर

या प्रकाराबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आत्महत्या, नैराश्य, खून यांवर हसायचं म्हणजे हृदयच नको. आक्षेप पोकळ नाही. वाईट कृष्णविनोदात हसू बळीवर पडतं, आणि मग ते विनोदाऐवजी शकाराच्या हातचं काम ठरतं. चांगल्या चित्रपटात रेघ स्पष्ट असते. ‘मृच्छकटिक’मध्ये वसंतसेनेवरचा हल्ला कुणाला हसवत नाही, हसवतो तो न विचारता ‘मी मारलेली नाही’ म्हणणारा माणूस. ‘अंधाधुन’मध्ये मेलेल्या नटापेक्षा फरशी पुसणारी जोडी हास्यास्पद ठरते. ‘वाळवी’त अवनीच्या आजारावर नव्हे, तर त्या आजाराचा सोयीस्कर उपयोग करू पाहणाऱ्यांच्या हुशारीवर प्रेक्षक हसतो. एखादा गुन्हेपट काळा आहे की नुसता क्रूर, हे तपासायला हीच कसोटी पुरेशी आहे.

दुसरी कसोटी शेवटाची. शूद्रकाच्या नाटकात न्याय चुकला, तरी दुरुस्त करायला एक बाहेरची जागा होती: राजा. पालक गेला, आर्यक आला, चारुदत्त सुटला, शकारालासुद्धा माफी मिळाली. ‘जाने भी दो यारो’त ती जागाच भ्रष्ट निघाली. आजच्या घरगुती खुनाच्या चित्रपटात तर बाहेर कुणीच नसतं. फ्लॅटचं दार बंद असतं, आत चार माणसं असतात आणि त्यांच्यातलं बिघडलेलं काही राजा बदलून दुरुस्त होणारं नसतं. म्हणूनच या चित्रपटांत माफी क्वचित दिसते आणि शेवट गोड नसतो.

तरीही शूद्रकापासून मोकाशींपर्यंत एक धागा अखंड आहे. शकाराच्या पाठीशी राजाचा हात होता, म्हणून त्याला शेजाऱ्यांची फिकीर नव्हती. चारुदत्ताला होती, आणि त्याच फिकिरीनं तो वधस्तंभापर्यंत गेला. आधुनिक कृष्णविनोदी चित्रपटानं या दोघांचं एकच पात्र केलं आहे. आजचा खुनी चारुदत्तासारखा अब्रूला भितो आणि शकारासारखा गळ्याला हात घालतो. घटस्फोट मागायची लाज वाटते म्हणून तो खुनाचा बेत करतो. असा माणूस पडद्यावर दिसला की आपण हसतो, कारण त्याची भीती आपल्या ओळखीची आहे आणि त्याचा उपाय ओळखीच्या पलीकडचा. दोहोंमधलं अंतर जितकं कमी वाटेल तितका तो चित्रपट चांगला, आणि तितकं ते हसू अस्वस्थ करणारं.